अडकित्ता, वज्री आणि जाते : राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे स्वरूप व मर्यादा

१

संग्रहालय म्हटले की मूर्ती, नाणी, ताम्रपट, शस्त्रे आणि राजपुरुषांची चित्रे ह्यांची अपेक्षा सामान्यतः केली जाते. पुण्याच्या शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयात प्रथमच येणाऱ्या प्रेक्षकाला ही अपेक्षा लवकरच बाजूला ठेवावी लागते. तेथे त्याच्यासमोर येतात ते अडकित्ते, पाय घासण्याच्या वज्र्या, दिवे, दौती, कुंकवाचे करंडे, फण्या, पानाचे डबे, स्वयंपाकघरातील भांडी, कोरीव दरवाजे आणि विंचवाच्या आकाराचे कुलूप. संग्रहातील वस्तूंची संख्या २०,००० च्या वर असून त्यांपैकी सुमारे २,५०० वस्तू प्रदर्शनात मांडलेल्या आहेत. बहुतेक वस्तू अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातील, म्हणजे फार प्राचीन नव्हेत. तरीही हे सारे पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक नवलाचा उद्गार काढतो. ज्या वस्तूंमध्ये त्याच्या पणजीचे सारे आयुष्य गेले त्याच वस्तू त्याला विलक्षण वाटतात.

हे नवल कशाचे, हा प्रश्न वरवर वाटतो तितका साधा नाही. वस्तू मुळातच चमत्कारिक असेल तर तिचे नवल तिच्या रूपात असते. पण अडकित्ता ही काही चमत्कारिक वस्तू नव्हे. सुपारी कातरणाऱ्या हाताला तो तितकाच परिचित होता जितकी आजच्या हाताला लेखणी असते. तो विलक्षण वाटू लागला तो त्याचा उपयोग थांबल्यावर. तेव्हा प्रेक्षकाच्या नवलात दोन भाग असतात : एक कारागिरीबद्दलचा आदर, आणि दुसरा, जीवनातून निघून गेलेल्या व्यवहाराबद्दलचे अज्ञान. केळकर संग्रहालयाने वस्तूचे रूप उत्तम रीतीने जतन केले, तिचे नाव अंशतः जतन केले, आणि तिच्याशी निगडित असलेली क्रिया मात्र बहुतांशी त्याच्या कपाटांबाहेर राहिली, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे. ही मर्यादा दाखविण्यात संग्राहकाचे श्रेय कमी करण्याचा हेतू नाही. ती भरून काढण्याचे काम कोणाचे, हे त्यातून स्पष्ट व्हावे एवढाच उद्देश आहे.

२

संग्रहाचे स्वरूप समजण्यासाठी संग्राहकाची दृष्टी प्रथम लक्षात घ्यावी लागते. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे ‘अज्ञातवासी’ ह्या नावाने काव्यलेखन करणारे कवी होते. चष्म्यांचा व्यवसाय सांभाळून १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमविण्यास प्रारंभ केला. पत्नी कमलाबाई ह्यांचे साह्य त्यांना ह्या कामी लाभले. अल्पवयात निधन पावलेल्या राजा ह्या मुलाचे नाव त्यांनी संग्रहाला दिले. १९६२ मध्ये संग्रहालयाची स्थापना झाली आणि १९७५ मध्ये हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाच्या स्वाधीन करण्यात आला. १९८० मध्ये केळकरांना पद्मश्री हा सन्मान मिळाला.

ह्या तपशिलाचे महत्त्व त्या काळाच्या पार्श्वभूमीवर पाहिले म्हणजे कळते. १९१० मध्ये पुण्यातच वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे ह्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले होते, आणि महाराष्ट्रातील इतिहाससंशोधन मुख्यतः कागदपत्रांच्या शोधात गुंतले होते. दप्तरे, सनदा, पत्रव्यवहार आणि शकावल्या ह्यांच्या आधारे मराठ्यांच्या राज्यकारभाराचा इतिहास उभा राहत होता. मुंबईत १९२२ मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयाची (आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) दृष्टी शिल्प, चित्र व पुरावशेष ह्यांकडे होती. अशा वेळी एका कवीने करंडा, फणी आणि अडकित्ता ह्यांना जतन करण्यायोग्य पुरावा मानले, ही गोष्ट सामान्य नव्हे. कागदपत्रांच्या इतिहासात जो वर्ग जवळजवळ बोलतच नाही, तो घरातील स्त्रियांचा वर्ग, ह्या वस्तूंमधून प्रथमच साक्षीला उभा राहिला. ज्या स्त्रीने एकही पत्र लिहिले नाही तिची फणी उरली, आणि जिचे नाव कोणत्याही दप्तरात नाही तिच्या करंड्यातील मेणाचे घर उरले. मराठी समाजाच्या इतिहासाचे साधन म्हणून हा संग्रह किती मोलाचा आहे हे यावरून ध्यानात यावे.

परंतु कवीची दृष्टी हीच ह्या संग्रहाची निवडपद्धतीही झाली. केळकरांनी नित्योपयोगी वस्तू जमविल्या खऱ्या, पण नित्योपयोगी वस्तूंमधील जी सुंदर, जी वेगळी, जिच्यावर कारागिराने गरजेपेक्षा अधिक कष्ट घेतलेले आहेत अशीच वस्तू प्रायः त्यांच्या डोळ्यांत भरली. प्रेक्षकाच्या स्मरणात राहतात ते घोड्याच्या, पोपटाच्या किंवा स्त्रीपुरुषाच्या युगुलाच्या आकाराचे अडकित्ते. लोहाराने तासाभरात ठोकून दिलेला बिनानक्षीचा लोखंडी अडकित्ता शेतकऱ्याच्या चंचीत असे, आणि संख्येने तोच अधिक होता. तेव्हा ह्या संग्रहावरून ‘पूर्वीचे लोक किती रसिक होते’ असे सरसकट अनुमान काढणे युक्त नाही. कोणत्या घरांना ही रसिकता परवडत होती हा प्रश्न त्यापूर्वी विचारावा लागतो.

३

वस्तूंच्या मांडणीचा विचार करता, येथे एका जातीच्या वस्तू एकत्र ठेवण्याकडे कल आहे. दिव्यांशेजारी दिवे, कुलपांशेजारी कुलपे. ह्या पद्धतीचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ऑक्सफर्ड विद्यापीठातील पिट रिव्हर्स संग्रहालय. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या त्या संग्रहालयात वस्तू देशवार किंवा कालानुक्रमे न लावता प्रकारवार लावण्यात आल्या. साध्या रूपापासून जटिल रूपापर्यंत वस्तूंची उत्क्रांती होत जाते, असा पिट रिव्हर्स ह्यांचा सिद्धान्त होता, आणि मांडणी ही त्या सिद्धान्ताची सिद्धता ठरावी अशी अपेक्षा होती. तो उत्क्रांतीचा सिद्धान्त पुढे मागे पडला, पण प्रकारवार मांडणी तेथे आजही आहे.

केळकर संग्रहालयात असा कोणताही सिद्धान्त नाही, आणि ते एका अर्थी बरेच झाले. येथील मांडणी वैविध्याच्या आनंदातून आलेली आहे. एकाच कामासाठी केलेल्या अनेक वस्तू शेजारीशेजारी पाहिल्या की काय बदलता येते आणि काय बदलता येत नाही हे आपोआप दिसू लागते. अडकित्त्याचेच उदाहरण घ्यावे. त्याच्या दोन भुजा एका टोकाशी खिळीने जोडलेल्या असतात, वरच्या भुजेला पाते असते, सुपारी खिळीजवळ धरली जाते आणि जोर मुठीकडून लावला जातो. यंत्रशास्त्राच्या भाषेत ही दुसऱ्या प्रकारची तरफ होय. कारागिराने भुजांचा घोडा करावा की पोपट, हे त्याच्या मर्जीवर. परंतु पात्याची धार, खिळीचा सांधा आणि मुठीची पकड ह्या तीन गोष्टींना त्याला बाध आणता येत नाही. अडकित्ता पितळेचा असला तरी पाते लोखंडाचे वा पोलादाचेच बसवावे लागते, कारण पितळेला धार टिकत नाही. एकच अडकित्ता पाहणाऱ्याला हे कळणार नाही. पन्नास पाहिल्यावर कळते. अलंकरण आणि उपयोग ह्यांच्या संबंधाचा हा प्रत्यक्ष पाठ आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकालाही तो उपकारक ठरावा. कारण छंद आणि आशय ह्यांच्या संबंधातही कवीला असेच काही बिंदू अढळ ठेवावे लागतात.

ह्या पद्धतीचा दोष असा की वस्तू आपल्या घरातून तुटते. पानाचा डबा, चुनाळे, अडकित्ता, चंची आणि तस्त ह्या वस्तू जीवनात एकत्र होत्या. प्रकारवार मांडणीत त्या दूर दूर जातात. ह्याच्या उलट दृष्टी आर्टूर हाझेलियस ह्यांनी १८९१ मध्ये स्टॉकहोम येथे स्थापिलेल्या स्कान्सेन ह्या खुल्या संग्रहालयाची. तेथे निरनिराळ्या प्रदेशांतील घरेच्या घरे आणून उभी करण्यात आली, आणि वस्तू त्या घरांत आपापल्या जागी राहिल्या. केळकर संग्रहालयात ह्या दुसऱ्या पद्धतीची चुणूक दिसते ती मस्तानी महालात. पहिल्या बाजीरावाने १७३४ मध्ये कोथरूड येथे मस्तानीसाठी बांधलेल्या वास्तूचे अवशेष आणून हा महाल संग्रहालयात उभारण्यात आला. येथे प्रेक्षक वस्तू पाहत नाही, दालनात उभा राहतो. परंतु लक्षात घेण्यासारखे असे की ही पूर्णता लाभली ती एका महालाला. तांबटाच्या किंवा साळ्याच्या घरातील ओसरी, माजघर आणि परसू अशा रीतीने कोणी उचलून आणले नाही.

४

आता क्रियेचा प्रश्न. वस्तूखालील चिठ्ठीवर साधारणतः वस्तूचे नाव, धातू, प्रदेश आणि शतक एवढी माहिती असते. संग्रहालयाच्या नोंदीसाठी ती पुरेशी आहे, पण मराठीच्या अभ्यासकाला ती अपुरी वाटते. अडकित्त्याभोवती मराठीत किती क्रिया गोळा झाल्या आहेत ते पाहावे. सुपारी ‘कातरतात’ ती विड्यासाठी, आणि ‘फोडतात’ ती लग्न ठरल्याची खूण म्हणून. ‘सुपारी देणे’ म्हणजे वाजंत्र्यांना वा तमासगिरांना कार्यक्रमासाठी पक्के करणे. आणि अलीकडे मुंबईच्या गुन्हेगारी जगात ह्याच शब्दप्रयोगाला भयंकर अर्थ प्राप्त झाला. दोन बाजूंनी कोंडीत सापडलेल्या माणसाची स्थिती ‘अडकित्त्यातल्या सुपारीसारखी’ होते. हा सारा व्यवहार कपाटातील अडकित्त्यात नाही. तो भाषेत आहे.

दिव्यांच्या दालनात हीच गोष्ट अधिक स्पष्ट होते. समई, निरांजन, पणती, लामणदिवा, पंचारती, दिवटी ही नावे केवळ आकारांची नव्हेत, तर जागा, वेळ आणि प्रसंग ह्यांची आहेत. समई देवापाशी तेवते, पणती उंबऱ्यावर येते, लामणदिवा साखळीने टांगला जातो, दिवटी गोंधळ्याच्या हाती असते. आणि ह्या प्रत्येकाशी क्रियापदे बांधलेली आहेत : वात सारायची, काजळी झाडायची, तेल घालायचे. दिवा ‘विझविणे’ हा शब्द घरात अशुभ मानला जाई, म्हणून दिवा ‘मालवीत’ आणि निरांजन ‘शांत’ होई. इंग्रजी किंवा मराठी चिठ्ठीवरील ‘दिवा, पितळ’ ह्या दोन शब्दांत हा विवेक मावत नाही.

येथे एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. रोजची वस्तू कामातून काढून पाहण्यासाठी मांडणे ही कल्पना मराठी घराला अगदीच परकी नव्हती. आषाढी अमावास्येला, म्हणजे दिव्यांच्या अवसेला, घरातील सारे दिवे घासूनपुसून पाटावर मांडले जातात, भोवती रांगोळी काढली जाते आणि त्यांची पूजा होते. खंडेनवमीला शस्त्रे आणि कारागिराची हत्यारे अशीच विसावतात. त्या दिवशी वस्तू काम करीत नाही. ती पाहिली जाते. फरक इतकाच की दुसऱ्या दिवशी ती पुन्हा कामाला लागते. संग्रहालयात मात्र अवस संपतच नाही. वस्तू पाटावर बसली ती कायमची.

वज्रीचे उदाहरण आणखी बोलके आहे. खालची बाजू खडबडीत, वर मूठ म्हणून पक्षी, प्राणी किंवा मनुष्याकृती, आणि काहींच्या पोटात घासताना खुळखुळणारे खडे. स्नानाच्या वेळी टाच घासण्याच्या साध्या कामाला इतके रूप आणि नाद द्यावा, ह्यात कारागिराची व वापरणारीची प्रसन्नता दिसते, हे खरेच. परंतु टाचेला भेगा कोणाच्या अधिक पडत? अनवाणी शेतात राबणाऱ्या स्त्रीच्या. तिच्या वाट्याला ही पितळी वज्री आली नाही; खरखरीत दगड किंवा खापराचा तुकडा तिला पुरे. म्हणजे ज्या पायांना ह्या उपकरणाची सर्वांत अधिक गरज होती ते पाय वज्रीच्या कपाटासमोर उभे राहिलेल्या प्रेक्षकाच्या मनात येतच नाहीत. वस्तू सुंदर असल्यामुळेच ते येत नाहीत. सुंदर वस्तूंच्या संग्रहालयाचा हा स्वाभाविक धोका होय.

५

ह्या धोक्याची दुसरी बाजू जात्याच्या उदाहरणाने उघड होते. जाते ही जवळजवळ रूपहीन वस्तू. दगडाच्या दोन तळ्या, मध्ये खुंटा, कडेला हातखुंटी. घडविणाऱ्या पाथरवटाला त्यावर नक्षी काढण्याचे कारण क्वचितच पडे. कपाटात ठेवले तर त्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहणार नाही. परंतु ह्याच जात्यावर महाराष्ट्रातील स्त्रियांनी पिढ्यान्पिढ्या ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ ह्यांनी पुण्यात राहून, खेड्यापाड्यांतील स्त्रियांच्या व कार्यकर्त्यांच्या साह्याने, विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह केला. विशेष असे की त्यांनी ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव नोंदविण्याची दक्षता घेतली. माहेर, भाऊ, नवऱ्याचा जाच, विठ्ठल, बाबासाहेब आंबेडकर असे सारे विषय त्या दगडाभोवती फिरले.

हे दोन संग्रह शेजारी ठेवले म्हणजे विरोध लक्षात येतो. एकात नक्षीदार वस्तू आहे आणि तिच्या मालकिणीचे नाव नाही. दुसऱ्यात नाव आहे, शब्द आहे, क्रिया आहे. वस्तू मात्र अंगणात उलथी पडलेली किंवा पायरीला बसवलेली. वस्तूचे कलात्मक मूल्य आणि जीवनातील तिचे स्थान ही प्रमाणात असतातच असे नाही, हा ह्या तुलनेचा निष्कर्ष. बारशाच्या वेळी वरवंट्याला झबले घालून तो गोप्या म्हणून पाळण्याखालून-वरून फिरवला जातो आणि मग बाळाला पाळण्यात घालतात. तो वरवंटा पाहून एवढा अर्थ कोण ओळखील? दा. ध. कोसंबी ह्यांनी प्राचीन इतिहासाच्या अभ्यासात पुण्याच्या परिसरातील चालू रूढींना जे महत्त्व दिले त्याचे मर्म हेच होते की दगड स्वतः बोलत नाही, त्याच्याभोवतीचा आचार बोलतो.

मराठीत ह्या अभ्यासाची साधने अगदीच नाहीत असे नाही. मोल्सवर्थ ह्यांच्या कोशाने (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे ह्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाने (१९३२–१९३८) नित्याच्या वस्तूंची असंख्य नावे नोंदविली. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांच्या ‘गांव-गाडा’ ह्या ग्रंथाने (१९१५) कारू-नारूंचे हक्क आणि देणीघेणी विस्ताराने वर्णिली. परंतु कोशात शब्द आहे, आकार नाही, ‘गांव-गाडा’त व्यवहार आहे, वस्तू नाही, संग्रहालयात वस्तू आहे, क्रिया नाही. ‘उखळ पांढरे होणे’ ह्या वाक्प्रचाराचा अर्थ विद्यार्थी भरभराट असा सांगतो. पण सतत कांडण चालू असलेल्या उखळाला आतून पांढरेपणा येतो, म्हणजे घरात धान्य आहे, ही प्रतिमा त्याच्या डोळ्यांसमोर उभी राहत नाही. ‘मुसळ केरात’ म्हणताना एवढे मोठे मुसळ केरात हरवण्यातील विनोद त्याला कळत नाही, कारण मुसळाची लांबी त्याने पाहिलेली नसते. उखळ-मुसळ पाहणाऱ्या प्रेक्षकाला वाक्प्रचार ठाऊक नसेल तर त्याचे पाहणेही तितकेच अपुरे.

६

ह्यावरून विद्यापीठीय विभागांपुढील काम निश्चित करता येते. केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी विद्यार्थ्यांना नेऊन कौतुक करून परत आणणे पुरेसे नाही. प्रत्येक वस्तूसाठी तिची निरनिराळ्या प्रदेशांतील व जातिसमूहांतील नावे, तिच्या भागांची नावे, तिच्याशी जोडलेली क्रियापदे, ती कोण वापरी आणि कोणाला तिला हात लावण्यास मनाई असे, ती घडविणारा कोण, तिच्यावरून आलेले वाक्प्रचार आणि तिचा वापर केव्हा थांबला, इतक्या गोष्टींची नोंद झाली पाहिजे. ह्यांतील मनाईचा मुद्दा गौण समजू नये. एकाच गावात पाण्याचे भांडे सर्वांचे नव्हते. पितळी कळशीच्या सौंदर्याचे वर्णन करताना तिला कोणाचा स्पर्श चालत नसे हे वगळले तर ते वर्णन अपुरे नव्हे, खोटे ठरते.

ही नोंद करण्यास लागणारी माणसे दूर नाहीत. त्याच शहरात, कसबा पेठेच्या तांबट आळीत, तांब्याच्या पत्र्यावर ठोक्यांची मठार उठविणारे कारागीर आजही आहेत. त्यांच्या हत्यारांची आणि ठोक्यांची परिभाषा त्यांच्या तोंडी आहे. ज्यांनी लहानपणी पहाटे जाते ओढले, चुलीवर रांधले, कंदिलाची काच राखेने पुसली अशा स्त्रिया आज वार्धक्यात आहेत. केळकरांनी वस्तू जमविण्यास प्रारंभ केला तेव्हा त्या वस्तू मोडीत जाऊन वितळण्याच्या मार्गावर होत्या. त्यांनी त्या वाचविल्या. आज मोडीत निघालेली आहेत ती क्रियापदे. पितळ कपाटात शंभर वर्षे टिकते. ‘वात सार’ म्हणणारा आवाज त्या घरातील शेवटच्या म्हातारीबरोबर जातो, आणि तो नोंदविण्यासाठी उरलेला अवधी वर्षांतच मोजावा लागेल.